भादव्यातली उचल

आग्रही : धंद्यातली नीती तपासायची असेल तर मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल बाजूला ठेवून कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. इथे मजुरीचा व्यवहार उघडा दिसतो. आषाढात लावणीची कामं असतात. ती संपली की कापणीपर्यंत हाताला काम नसतं आणि घरातलं धान्यही सरत येतं. त्याच सुमाराला, गौरी-गणपतीच्या आगेमागे, कातकरी कुटुंब वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतं. दिवाळीनंतर नवरा-बायको पोरांसकट, भांडीकुंडी घेऊन भट्टीवर जातात. कुणी जवळच, कुणी पनवेल, कल्याण, भिवंडीकडे. गारा कालवायचा, साच्यातून वीट पाडायची, वाळवायची, भट्टी रचायची. भाव हजारी ठरलेला. हंगामभर आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळते आणि पाऊस तोंडावर आला की हिशोब होतो. पाडलेल्या विटांच्या रकमेतून खर्ची वजा, फुटलेल्या विटा वजा, उचल वजा. उरलं तर हातात, नाही उरलं तर बाकी पुढल्या हंगामाला. रास्त मजुरीबद्दल बोलताना आपण नेहमी ‘किती’ हे विचारतो. ती केव्हा दिली जाते आणि कुणाच्या वहीत मोजली जाते, हे दोन प्रश्न मला त्याहून मोठे वाटतात. अन्यायाचं मूळ तिथे आहे.

व्यवहारी : तुम्ही वर्णन बरोबर केलंत, निष्कर्ष मात्र घाईने काढलात. उचल म्हणजे काय? ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याला बँक दारात उभं करत नाही, त्याला ऐन उपासमारीत मिळणारे रोख पैसे. पुढल्या हंगामात होणाऱ्या कामाचे पैसे आज देणारा दुसरा कोणता धंदा तुम्हाला माहीत आहे? शिक्षक, कारकून, कारखान्यातला कामगार, सगळे आधी काम करतात आणि महिना भरल्यावर पगार घेतात. इथे पैसे आधी मिळतात, व्याजाचा शब्दही न काढता. देणारा कोण, तेही पाहा. आपल्या भागातला भट्टीवाला बहुतेक वेळा आगरी किंवा कुणबी शेतकरी असतो. तो शेत भाड्याने घेतो, तूस, कोळसा आणि माती उधारीवर आणतो, विटा उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडून स्वतःही आगाऊ रक्कम घेतो आणि तीच पुढे वाडीवर वाटतो. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला तर तोही झोपतो. त्याला सावकार म्हणणं सोपं आहे. पण तो मधून काढला तर भादव्यात त्या घरात पैसे कुठून येतील, हे सांगितल्याशिवाय व्यवहाराला अन्यायी म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. आणि माणूस स्वतः जाऊन, मोल करून, अंगठा देऊन उचल घेत असेल तर त्याच्या निर्णयालाही काही मान द्यावा की नाही?

आग्रही : निर्णयाला मान द्यायचा म्हणूनच तो कोणत्या परिस्थितीत घेतला गेला, हे विचारावं लागतं. आधी व्याजाचं बघू. व्याज कागदावर नसतं, भावात असतं. ज्याने उचल घेतली आहे त्याला भाव करता येत नाही. हंगाम उघडताना बाजारात हजाराला जो दर मिळतो, त्याच्या खाली त्याचा दर भादव्यातच ठरून गेलेला असतो. हा फरक हेच व्याज. ते टक्क्यांत मोजलं जात नाही, म्हणून सावकारीच्या कायद्याच्या नजरेतून सुटतं. आता संमतीबद्दल. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी दराने करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखालची सक्तीची मजुरी आहे. कारण भूक आणि गरिबी यांनी माणसापुढचे इतर सगळे रस्ते बंद केले असतील तर ती परिस्थितीही सक्तीच ठरते. मग चाबूक उगारण्याची किंवा दाराला कडी घालण्याची गरज उरत नाही. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे आगाऊ रक्कम आहे असं गृहीत धरायचं आणि ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करायचं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या १५ व्या कलमाचं तत्त्वही हेच आहे. म्हणजे तुम्ही ज्याला ऐच्छिक करार म्हणता, त्याची कसोटी देशाच्या कायद्याने चाळीस वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. आगाऊ रक्कम घेतली, किमान वेतन मिळालं नाही आणि सोडून जाता येत नाही, असं असेल तर अंगठ्याला अर्थ नाही.

व्यवहारी : ती कसोटी मला मान्य आहे. कायदा काय करतो, तेही तितक्याच स्पष्टपणे पाहू. १९७६ च्या त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने वेठबिगाराचं कर्ज नाहीसं होतं. छान. १९७५ च्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्यानेही लहान शेतकरी, कारागीर आणि मजुरांची जुनी कर्जं अशीच पुसली होती. पुसलेलं कर्ज मागच्या वर्षीचं असतं. भूक पुढल्या वर्षीची असते. कर्ज देणाऱ्याला एकदा कळलं की दिलेली रक्कम कायद्याने बुडू शकते, की तो एक तर देणं बंद करतो, नाहीतर अधिक घट्ट पकड घेऊन देतो, किंवा वाडीवर यायचंच सोडून दूरच्या प्रांतातून टोळी आणतो. मुक्त झालेल्याचं काय होतं? २०१६ च्या केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख अशा रकमा ठरल्या, पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी बांधली गेली. हातात पडणारी तातडीची मदत वीस हजारांची, पुढे तीस हजारांपर्यंत. खटला चालू असताना माणूस तारखेला जाणार की भट्टीवर? आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. दोन-दोन मालकांकडून उचल घेऊन तिसऱ्याकडे जाणारी कुटुंबंही आहेत. त्यात मी त्यांची लबाडी बघत नाही, गरज बघतो. पण लहान भट्टीवाल्याचं एका जोडीमागे बुडालेलं कर्ज त्याच्या हंगामाचा नफा खाऊन टाकतं. तो मग रात्री माणसं पाठवून शोधायला लागतो आणि तिथून तुमची सक्ती सुरू होते. मूळ बिघाड विश्वासाच्या अभावात आहे, आणि तो दोन्हीकडून आहे.

आग्रही : दोन्हीकडून आहे, पण सारखा नाही. मजुराने फसवलं तर मालकाचा एका हंगामाचा नफा जातो. मालकाने फसवलं तर मजुराच्या घरातल्या पाच माणसांचे सहा महिने जातात. तरीही तुमच्या बोलण्यातलं एक मी घेतो. उचल बंद करा, ही माझी मागणी नाही. ती करणारा माणूस भादवा न पाहिलेलाच असेल. माझी मागणी अशी आहे की उचल ही साधं कर्ज राहू दे. ती माणसाच्या अंगाला बांधलेली नको. म्हणजे काम सोडून जाणारा कर्जदार ठरेल, पळालेला ठरणार नाही. आणि हे एकदा मान्य केलं की पुढचे प्रश्न अगदी हिशोबाचे होतात. समजा, एका जोडीच्या नावावर दिवसाला हजार विटा लागतात. ही जोडी कोण? वहीत नाव नवऱ्याचं असतं. गारा कालवणारी, साचा भरणारी, वाळलेल्या विटा उलथणारी, त्यातूनच रांधणारी बाई त्या हजारात मिसळून गेलेली असते. बारा वर्षांचं पोर तर मोजलंच जात नाही. पहाटे अंधारात सुरू झालेलं काम उन्हं चढेपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी. हजारी भावाला किती माणसांनी आणि किती तासांनी भागायचं, हे कुणी विचारतच नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या १७ व्या कलमात लिहिलं होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही तसंच आलं आहे, की उक्त्या कामाचा वेगळा किमान दर ठरलेला नसेल तर त्या माणसाला वेळेनुसार ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी मिळता कामा नये. कायदा माणशी विचार करतो, वही जोडीवारी. या एका फरकात बाईची सगळी मजुरी बुडते, आणि ती बुडाली आहे हे मालकाला अनेकदा जाणवतसुद्धा नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहिलं गेलं आहे.

अवकाळी पावसाचंही घ्या, कारण तो तुम्हीच काढलात. पाडून वाळत घातलेल्या कच्च्या विटा एका रात्रीत चिखल होतात. तुम्ही म्हणालात, मालकही झोपतो. बरोबर. पण नुकसान वाटलं कसं जातं? काही ठिकाणी न भाजलेली वीट मोजलीच जात नाही. मजुराने काम केलं, अंग मोडून केलं, आणि ढगाचा धोका त्याच्या माथी आला. धोका घेण्याबद्दल मालकाला नफा मिळतो, असं धंद्याचं शास्त्र सांगतं. मग धोका मजुराने घेतला असेल तर नफ्यातला वाटा त्याला का नाही? एक तर वीट पाडली त्याच दिवशी तिची मजुरी लागू व्हावी, नाहीतर चांगल्या हंगामात वरचा वाटा मिळावा. दोन्ही नाकारून फक्त तोट्यात भागीदारी द्यायची, याला रास्त म्हणता येईल असं कुठलंच तत्त्वज्ञान मला माहीत नाही. यात मालकाला संत व्हायला सांगितलेलं नाही. दोन वह्या ठेवाव्या, एक मजुराकडे. बाईचं नाव लिहावं. पाडलेली वीट पाडली त्याच दिवशी मोजावी. एवढंच.

व्यवहारी : एवढंच म्हणता, पण यातल्या प्रत्येक गोष्टीला किंमत आहे, आणि ती कुणी द्यायची यावर तुम्ही अजून बोललेला नाहीत. भट्टीवाला विटेचा भाव ठरवत नाही. नवी मुंबई, पनवेल, आता कर्जतच्या डोंगरउतारांवरची फार्महाऊसं आणि गृहसंकुलं, यांच्या बांधकाम व्यावसायिकांनी तो खाली दाबलेला असतो. विटेच्या जागी राखेचे ठोकळे आणि हलके सिमेंटचे ब्लॉक आले आहेत. ते यंत्रातून निघतात, त्यांना उचल द्यावी लागत नाही. लाल विटेचा धंदा आज ज्या अरुंद पट्टीत जगतो, तिच्यात मजुरी ही एकच गोष्ट दाबता येण्यासारखी उरली आहे. अशा वेळी एका प्रामाणिक भट्टीवाल्याने बाईची मजुरी वेगळी धरली, पावसाचं नुकसान स्वतःकडे घेतलं आणि सोडून जाणाऱ्याला जाऊ दिलं, तर त्याची वीट शेजारच्यापेक्षा महाग होते. व्यापारी शेजारी जातो. दोन हंगामांत प्रामाणिक माणसाची भट्टी थंड आणि तीच जोडी शेजारच्या बेफिकीर माणसाकडे उचलीत. एकट्याने चांगलं वागण्याची शिक्षा बाजार देतो, आणि तिचा शेवटचा भार मजुरावरच येतो. म्हणून मालकाच्या सदसद्विवेकाला आवाहन करणारी भाषा मला पुरेशी वाटत नाही.

आग्रही : मग तो निर्णय एकट्या मालकाकडे ठेवू नका. याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलं आहे. हमालांची स्थिती काय होती? रोज वेगळा मालक, तोंडी भाव, टोळीप्रमुखाच्या हातात सगळी मजुरी. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला पैसे देतं, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा त्यातूनच. मजुरी तिसऱ्या हातातून गेली की वहीचा प्रश्न मिटतो आणि सगळ्या मालकांना लेव्ही सारखी असल्याने प्रामाणिक माणूस महाग पडत नाही. बांधकामावर एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्यापासून आहेच. इमारत बांधणाऱ्याने मजुराच्या हिताचा वाटा उचलायचा, हे तत्त्व देशाने मान्य केलं आहे. हजार विटांमागे छोटी लेव्ही, ती विटा उचलणाऱ्या व्यावसायिकाकडून, आणि तिच्यातून मंडळाने भादव्यात उचल द्यायची. कर्ज मंडळाचं, काम कुठल्याही भट्टीवर. माणूस सुटा झाला.

व्यवहारी : कागदावर सुंदर आहे. पण माथाडी मंडळ चाललं ते गोद्यांमध्ये, बंदरावर, भाजीबाजारात, जिथे माल एकाच दारातून आत-बाहेर होतो. भट्टी दर वर्षी जागा बदलते, भाड्याच्या शेतात लागते, पावसात तिथे पुन्हा भात उभा असतो. विटा ट्रकमधून रात्री निघतात, बिलाशिवाय. तुमच्या मंडळाने मोजायच्या कुठे? आणि मोजता येणाऱ्या ठिकाणी काय झालं, तेही पाहा. ऊसतोडीत कारखाने ठरावीक, ऊस काट्यावर तोलला जातो, टनाचा हिशोब छापील. तिथे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं, कारखान्याने टनामागे दहा रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले. तरीही मुकादम आहे आणि त्याची उचलही आहे. कारण मुकादम जे देतो ते महामंडळ देत नाही. मुलीचं लग्न आज ठरलं, पोराला विंचू चावला, सासऱ्याचं दहावं आलं, तर अर्ज, छाननी आणि मंजुरी यांची वाट कोण बघणार? भट्टीवाला रात्री नऊ वाजता पैसे देतो. गरिबाच्या कर्जात रकमेपेक्षा वेळ महाग असतो, हे तुम्हीच सुरुवातीला म्हणालात.

आग्रही : म्हटलं, आणि त्यावर ठाम आहे. म्हणूनच कर्जत तालुक्याचीच एक आठवण महत्त्वाची वाटते. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सगळे भाई कोतवाल म्हणतात आणि जे २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर मारले गेले, त्यांनी भूमिगत लढ्यात उतरण्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या उभ्या केल्या होत्या. जमीनदाराच्या दारात पावसाळ्यात जावं लागू नये, एवढाच हेतू. पुढे काशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनेही कर्जतमधल्या आदिवासी वाड्यांत धान्यकोश चालवले. पावसात धान्य घ्यायचं, पीक आलं की थोड्या वाढीने परत करायचं. कोठीची किल्ली गावाकडे. दोन वेगळ्या काळांतल्या, दोन वेगळ्या विचारांच्या लोकांनी याच डोंगरपट्ट्यात एकच जागा ओळखली, ती म्हणजे भादवा. मजुरीचा भाव मे महिन्यात भांडून वाढत नाही, घरात दोन महिन्यांचा दाणा असला की आपोआप वाढतो. कोठी वाडीतच असेल तर रात्री नऊ वाजता उघडायलाही अर्ज लागत नाही.

व्यवहारी : धान्यकोशाबद्दल मला आदर आहे. पण तो ज्यांच्याकडे पीक आहे त्यांच्यासाठी अधिक चालतो. ठाकरांकडे थोडीफार जमीन, वरकस तरी आहे. बहुतेक कातकऱ्यांच्या नावावर घराखालची जागाही नाही. डॅनियल बकल्स आणि काशेळ्याच्याच संस्थेचे राजीव खेडकर यांचं कातकरी वाड्यांच्या बेदखलीवरचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. जमिनींचे भाव चढले की पिढ्यांपासून वसलेल्या वाडीला मालक कुंपण घालतो, हे त्यात नोंदलेलं आहे. ज्याचं घर दुसऱ्याच्या सातबारावर आहे त्याने कोणत्या बळावर भाव करायचा? त्याने कोशातून घेतलेलं धान्य परत कुठून करायचं, तर पुन्हा भट्टीच्या मजुरीतून. शिवाय आजच्या घराला धान्याइतकीच रोकड लागते. सरकारचं खावटी कर्ज होतं, २०२० मध्ये त्याचं अनुदान झालं. कुटुंबाला चार हजार, त्यातले दोन हजार रोख आणि बाकीचा किराणा. टाळेबंदीच्या वर्षात तेही मोलाचं होतं. पण भट्टीवाल्याची उचल त्याच्या कितीतरी पट असते. मी अन्यायाचं समर्थन करत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. मला एवढंच दिसतं की तुम्ही मजुरी रास्त करायला निघालात आणि वाटेत तुम्हाला जमीन, घर, पत आणि आजारपण सगळंच रास्त करावं लागतं आहे. मग एका भट्टीवाल्याला नीतीचा प्रश्न विचारण्यात काय राहिलं?

आग्रही : बरंच राहिलं. तुमचं एवढं मान्य करतो की भादव्याचं उत्तर नसताना केलेली रास्त मजुरीची व्याख्या अर्धीच आहे. ती हंगामापुरती खरी. पण तुम्हालाही एक मान्य करावं लागेल. तुम्ही ज्या संमतीपासून सुरुवात केली होती, ती याच भादव्यावर उभी आहे. घराखालची जागा नाही, पत नाही, दाणा नाही, आणि या सगळ्या नसण्याचा जो फायदा भावात उतरतो, तो वहीत मालकाच्या बाजूला जमा होतो. ती परिस्थिती त्याने निर्माण केलेली नाही. तिच्यातून मिळालेला पैसा मात्र त्याने घेतलेला आहे. व्यवस्था बदलणं त्याच्या हातात नाही, म्हणून वही बदलणंही त्याच्या हातात नाही असं होत नाही. बाईचं नाव लिहायला बाजारभाव आड येत नाही. दुसरी वही दहा रुपयांची असते. सोडून जाणाऱ्यामागे माणसं न पाठवणं, याला तर काहीच खर्च नाही.

व्यवहारी : नाव लिहिलं की उद्या बाई विचारेल, माझ्या नावापुढची रक्कम कुठे आहे. दुसरी वही दिली की वाडीतला शिकलेला पोरगा ती जोडून बघेल. तुम्ही ज्यांना बिनखर्चाच्या गोष्टी म्हणता, त्यांच्यामागून खर्च चालत येतो, आणि तो यावा असंच तुम्हाला वाटतं. वाटू द्या. मालकाने ते समजून-उमजून करावं, इतकं मीही म्हणेन. पण त्या वर्षी त्याची वीट महाग झाली आणि व्यापारी शेजारी गेला, तर येत्या गणपतीत त्या जोडीने कुणाच्या दारात जायचं?

आग्रही : म्हणूनच त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्यामागच्या बांधकाम व्यावसायिकाला हा प्रश्न विचारल्याशिवाय भट्टीवाल्याला एकट्याला उभं करणं मलाही अन्यायाचं वाटतं. कर्जतला घर घेणाऱ्याच्या कराराच्या कागदात लाद्या कोणत्या कंपनीच्या, नळ कोणत्या, हे लिहिलेलं असतं. वीट कुणी पाडली आणि तिचा हिशोब झाला का, याची ओळ त्यात कशी आणायची, ती तपासायची कुणी, आणि तोवरचे भादवे कसे काढायचे, हे मला अजून सांगता येत नाही.